दोन बोटं कमी पडली तेव्हा

एका ताईंचं पत्र आहे. नावगाव गाळून मजकूर थोडक्यात देते.

घरात पाच माणसं: त्या, त्यांचे पती, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मागच्या वर्षी हे सगळे खेळण्यांच्या दुनियेवर बेतलेल्या एका मोठ्या पार्कमध्ये दिवसभरासाठी गेले. तिकिटं महिनाभर आधी काढलेली, मुलगा रोज दिवस मोजत होता. प्रत्यक्षात दिवस रांगांमध्ये गेला. ज्या राइडचा मुलाने ध्यास घेतला होता, तिच्या तोंडाशी पोहोचल्यावर धाकटीची उंची दोन बोटं कमी भरली. "बुटात कागद कोंबून आणायला हवं होतं," असं पती वैतागून म्हणाले. धाकटीने भोकाड पसरलं, तिला एकटीला कुठे सोडायचं म्हणून सगळेच रांगेतून बाहेर आले, आणि मुलगा बहिणीला म्हणाला, "तुझ्यामुळे माझी राइड गेली." दुपारनंतर धाकटी ठोकळ्यांच्या हौदापाशी बसली ती पाऊण तास उठेना. "हे तर घरीही करता आलं असतं, त्यासाठी एवढे पैसे घालवले का?" असं ताईंना वाटत राहिलं. सासूबाई "तुम्ही जा, मी बसते" म्हणून दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत होत्या. बाहेर पडताना दुकानात पुन्हा रडारड झाली आणि परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

आता मुलाचा दहावा वाढदिवस आहे आणि त्याला तिथेच जायचंय. पती म्हणतात, पुन्हा पैसे पाण्यात घालायचे नाहीत. धाकटीला सासूबाईंजवळ घरी ठेवून तिघांनीच जावं असं ताईंच्या मनात येतं, पण "तिला वगळलं" ही बोच राहील. शेवटी त्या लिहितात, "खरं सांगू का, मला स्वतःलाच त्या दिवसाचं ओझं वाटतं. बाकीच्या आया किती मजेत दिसतात. मीच अशी का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती त्या ठोकळ्यांच्या हौदापाशी. तुम्ही ते वाक्य तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला मात्र अख्ख्या पत्रात तीच एक जागा अशी सापडली, जिथे त्या दिवशी तुमच्या घरातलं कुणीतरी जीव ओतून खेळत होतं.

धाकटीच्या बाजूने तो दिवस एकदा बघा. सकाळी झोपेतून उठवलं, गाडीत बसवलं, गर्दीत सगळ्यांच्या कमरेएवढ्या उंचीवरून चालवलं. रांगेत उभं केलं. मग एका अनोळखी माणसाने तिला पट्टीला टेकवलं आणि सगळ्यांदेखत मान हलवली. रडली म्हणून बोलणी बसली, वर दादाचं ते वाक्य. आणि त्यानंतर हौद. तिथे तिला कुणी मोजत नव्हतं, कुणी "चल लवकर" म्हणत नव्हतं, आणि तिच्या हातात मावेल असं काम होतं. घरी तिच्याकडे फार तर डबाभर ठोकळे असतील. तिथे कोपरापर्यंत हात बुडावा एवढे असतात, आणि शेजारी दुसरं एखादं मूल अर्धवट सोडून गेलेला मनोराही असतो. अनोळखी मुलाचा अर्धा मनोरा पुढे न्यायचा, हे घरी नाही करता येत.

"घरीही करता आलं असतं" या वाक्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे: पार्क म्हणजे राइड, आणि राइड जितक्या जास्त तितका दिवस वसूल. ही समजूत तुमची एकटीची नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ती वारंवार दिसते. पण खेळण्यांवर बेतलेलं पार्क ही कल्पनाच मुळात राइडमधून आलेली नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीचा कारखाना आहे. 1960 च्या दशकात तिथली ठोकळ्यांची मोठमोठी मॉडेल्स बघायला वर्षाला वीसेक हजार माणसं कारखान्यात यायला लागली. एवढ्या लोकांना कारखान्यात फिरवायचं तरी कसं? तेव्हा मालक गॉडफ्रेड किर्क क्रिस्टियनसेन यांनी ती मॉडेल्स बाहेर मोकळ्यावर मांडायचं ठरवलं, आणि 7 जून 1968 रोजी पहिलं लेगोलँड उघडलं. पहिल्याच हंगामात सव्वासहा लाख माणसं आली. ती आली होती मुख्यतः बघायला, वाकून, निरखून. पोटात गोळा आणणाऱ्या राइड ही नंतरची भर. 'लेगो' हे नावसुद्धा 'लेग गॉट' या डॅनिश शब्दांवरून आलंय, अर्थ 'छान खेळ'. जर्मनीत त्सिर्नडॉर्फला प्लेमोबिल या खेळण्यांच्या कंपनीचं पार्क आहे. त्यात तर यंत्रावर बसून गरगर फिरायच्या राइड जवळपास नाहीतच. मुलांनी चढायचं, ढकलायचं, पाण्यात उतरायचं, हाच तिथला कार्यक्रम. म्हणजे तुमची लेक त्या पाऊण तासात पार्क वाया घालवत नव्हती. ज्यासाठी अशी पार्क निघाली, तेच ती करत होती.

आता त्या दोन बोटांबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. बुटात कागद घालण्याची गोष्ट रागाच्या भरात निघाली असेल, पण मनातूनही काढून टाका. उंचीची खूण म्हणजे पार्कवाल्यांची अडवणूक नव्हे. राइडच्या खुर्चीवर जो आडवा दांडा किंवा पट्टा येतो, तो ठरावीक मापाच्या शरीरासाठी केलेला असतो. तो मांड्यांवर, कमरेशी नीट बसला तरच धरून ठेवतो. शरीर त्याहून लहान असेल तर झटक्यासरशी मूल दांड्याखालून घसरू शकतं किंवा बाजूला फेकलं जाऊ शकतं. बुटातला कागद मुलाला पट्टीपाशी उंच करतो, खुर्चीत बसल्यावर नाही. खुर्चीत ते मूल तेवढंच राहतं. वय किती, धीट किती, "आमची सगळीकडे बसते" याचा तिथे काही संबंध नाही. आणि एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही: बऱ्याच राइडला दोन खुणा असतात. खालच्या खुणेपेक्षा लहान मुलाला प्रवेशच नाही. दोन खुणांच्या मधल्या मुलाने मोठ्या माणसासोबत बसायचं. वरची खूण ओलांडली की एकटं बसता येतं. मागच्या वेळी तुम्ही यातली कोणती खूण पाहिली होती, कोण जाणे.

हे सगळं घरी बसून कळतं. पार्कच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. जायच्या आठवड्यात दोघा मुलांना भिंतीला टाच टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करा. मग यादी काढायला बसा. धाकटीची यादी वेगळी, मोठ्याची वेगळी, दोघांना चालणाऱ्यांची तिसरी. धाकटीला घरीच कळू द्या की अमुक राइड अजून तिची नाही आणि तमुक मात्र तिची आहे. नकार ऐकायचाच असेल तर तो आईच्या मांडीवर ऐकावा, तासभर रांगेत उभं राहून शंभर माणसांसमोर नव्हे. माझ्या मते ती त्या दिवशी राइडसाठी रडलीच नाही. मोठ्यांच्या रांगेतून तिला एकटीला बाजूला काढलं, त्यासाठी रडली.

आणि आता ते वाक्य. "तुझ्यामुळे माझी राइड गेली." नऊ वर्षांच्या मुलाने चिडून असं म्हणणं समजू शकतं. वर्षभर त्याच्या मनात तो हिशेब तसाच राहिला असेल तर ते मात्र बरं नाही. कारण हिशेब चुकीचा आहे. राइड गेली ती बहिणीच्या उंचीमुळे नाही. रांगेत तुम्ही चौघं होतात, त्यातले मोठे दोघे. एक जण धाकटीला घेऊन बाहेर थांबला असता आणि दुसरा मुलाबरोबर आत गेला असता, तर काहीच अडलं नसतं. तुम्ही सगळेच बाहेर आलात, कारण तुमच्या मनात एक गोष्ट पक्की होती: कुटुंबाची सहल म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं. पुन्हा जायचं ठरो न ठरो, मुलाला जवळ घेऊन एवढं सांगा: "त्या दिवशी तुझी राइड हुकली ती आमच्यामुळे. आम्हाला सुचलं नाही. बहिणीचा त्यात काही दोष नव्हता." हे धाकटीच्या कानावर पडलं तर आणखी चांगलं. आईबाबांनी चूक कबूल केलेली मुलं विसरत नाहीत.

एकत्र जाणं आणि एकाच रांगेत उभं राहणं यात फरक आहे, ताई. हे पटलं की तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. पुष्कळ मोठ्या पार्कमध्ये अशा घरांसाठी सोयही असते. एक पालक मोठ्या मुलाबरोबर राइडमध्ये बसतो, दुसरा लहान मुलाला घेऊन बाहेर थांबतो. पहिला परतला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. काही ठिकाणी मोठ्या मुलाला दोन्ही वेळा बसू देतात. नाव प्रत्येक पार्कमध्ये वेगळं, नियमही थोडे वेगळे. म्हणून सकाळी गेटमधून आत गेल्यागेल्या चौकशीच्या खिडकीवर विचारा. तिथेच मुलांच्या मनगटाला तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी मिळते का तेही विचारा, नसेल तर घरूनच बांधून न्या. आत शिरण्याआधी दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा. चुकामूक झाली की घाबरलेल्या आईला मुलाच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही.

पतींच्या म्हणण्यालाही मी उडवून लावणार नाही. पैसे लागतात, ते कष्टाचे असतात, आणि मागच्या वेळी त्यांना त्यातून मिळाली ती रडारड. पण "वसूल" करायच्या नादातच तो दिवस हातचा गेला, असं मला वाटतं. शेवटचा तास आठवा. धाकटी थकलेली, मोठा रुसलेला, तुमचे पाय दुखताहेत, तरी पार्क बंद होईपर्यंत थांबलात ना? पत्रात तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण दुकानातली रडारड आणि गाडीतली शांतता वाचून माझा तसा अंदाज आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला सांगितला. दुसऱ्या वेळी तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धं मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू जेमतेम एक अंशाने गरम होऊ दिलं. नंतर विचारलं, यातलं कोणतं पुन्हा कराल? बहुतेकांनी दुसरं निवडलं. त्रास जास्त वेळ होता, तरीही, कारण शेवट जरा बरा झाला होता. गार पाणी आणि पार्क यांची तुलना ओढूनताणून वाटेल, पण मुलांच्या आठवणीत दिवस कसा राहतो याचा मी विचार करते तेव्हा मला हाच प्रयोग आठवतो. तुमचे पती तास मोजत होते. मुलांच्या मनात राहिलं ते दुकान आणि गाडी. तेव्हा यंदा मूल थकायच्या आधी निघा, एखादी आवडती गोष्ट पुन्हा एकदा करून. दोन राइड राहिल्या तर राहू द्या.

दुकानाचं तर आधीच ठरवा. बाहेरची वाट दुकानातूनच जावी अशी रचना पुष्कळ ठिकाणी असते, आणि तिथे पोहोचेपर्यंत मुलांचा संयम संपलेला असतो. घरून निघतानाच प्रत्येकाला ठरावीक रक्कम सांगा: यात बसेल ते एक, हवं ते. मोठ्याच्या हातात पैसेच द्या, तो फार विचार करून खर्च करेल. धाकटीला मात्र शेवटी नेऊ नका. दुपारीच, ताजीतवानी असताना दुकानात जाऊन वस्तू निवडू द्या. संध्याकाळी दोघांतलं कुणीतरी तिला कडेवर घेऊन सरळ बाहेर पडा.

रांगांबद्दल थोडकंच सांगते, कारण हे तुम्हाला बऱ्यापैकी माहीत असणार. गेट उघडायच्या आधी पोहोचा. सगळे जण दाराजवळच्या पहिल्या राइडला गर्दी करतात, तुम्ही मोठ्याच्या लाडक्या राइडकडे थेट जा, ती कितीही आत असो. तो पहिला तास त्याचा. नंतर दिवसभर तो बहिणीशी कितीतरी समजुतीने वागेल, कारण त्याच्या मनातलं "मिळेल की नाही" संपलेलं असेल. पाण्याचा विभाग असेल तर कपड्यांचा एक जास्तीचा जोड घ्या. भूक लागायच्या आधी खायला द्या, तहान लागायच्या आधी पाणी. चार वर्षांचं मूल "मला भूक लागली" म्हणत नाही, ते जमिनीवर लोळण घेतं.

तुमच्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या अडचणीतल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट जोडते. काही मुलांची उंची पुरेशी भरते, पण मन धजत नाही. रांगेच्या टोकाशी येऊन ती मागे सरतात, आणि मग "एकदा बसला की भीती जाते" म्हणून त्यांना उचलून बसवलं जातं. कृपा करून असं करू नका. काहींची भीती जाते हे खरं, पण काहींची पक्की होते, आणि त्याबरोबर आईबाबांवरचा विश्वासही हलतो. त्यापेक्षा आधी राइड जिथे संपते तिथे मुलाला घेऊन उभे राहा. उतरणाऱ्या मुलांचे चेहरे त्याला बघू द्या. किती वेळ लागतो ते मोजू द्या. आणि वचन द्या की खुर्चीत बसायच्या क्षणापर्यंत नाही म्हणायची मुभा आहे. नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा, घरी येऊन काकू-मामांना सांगायलाही नको. मोठ्या आवाजाने बावरणाऱ्या मुलांसाठी कानावर लावायचे आवाजरोधक घ्या, आणि शांत बसायची खोली आहे का ते आधी फोन करून विचारा. बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये ती असते.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे, आणि धाकटीला घरी ठेवायचा पर्याय आला तेव्हा त्या गृहीत धरल्या गेल्या. "तुम्ही जा, मी बसते" हे त्यांच्या पिढीच्या बायका सवयीने म्हणतात. ते खरं उत्तर असेलच असं नाही. माझ्या आईला मी अशाच एका पार्कमध्ये नेलं होतं, आणि तीही हेच म्हणाली होती. गुडघे दुखतात, मी काय करू तिथे. शेवटी हाताला धरून तिला छोट्या शहराच्या विभागात नेलं. लेगोलँडमध्ये याला मिनीलँड म्हणतात. तिथे खरी शहरं साधारण विसाव्या हिश्शाएवढी करून मांडलेली असतात, म्हणजे पाच फुटी माणूस साडेसात सेंटिमीटरचा, बोटाएवढा. आई कठड्याला टेकून उभी राहिली ती हलेना. तिने माझ्या भाच्याला जवळ बोलावलं आणि एका गच्चीकडे बोट दाखवलं. तिथे दोरीवर बोटाच्या नखाएवढे कपडे वाळत घातले होते, आणि त्यातला एक खाली पडला होता. "बघ, हिचा वाऱ्याने उडाला," ती म्हणाली. मग दोघांनी मिळून अशा गोष्टी शोधायचा खेळच सुरू केला: सायकलवरून पडलेला माणूस, छपरावर चढलेलं मांजर. आम्ही राइडवरून दोनदा येऊन गेलो तरी त्यांचं संपलं नव्हतं. भाचा तेव्हा साधारण तुमच्या लेकीएवढाच होता.

सासूबाईंना पिशव्यांपासून सोडवा. पुष्कळ ठिकाणी सामानासाठी लॉकर असतात. त्यांना विचारा, तुम्हाला काय बघायचंय? बहुतेक पार्कमध्ये आतून फिरणारी छोटी आगगाडी किंवा संथ होडी असते. आजी आणि नातीने तीत दोन फेऱ्या माराव्यात. चाकाची खुर्ची मिळत असेल तर संकोच न करता घ्या. चालता येतं आणि दिवसभर चालता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न: धाकटीला न्यायचं की नाही. तिला घरी ठेवण्यात पाप नाही, हे आधी सांगते. मोठ्या मुलाला कधीतरी आईबाबा पुरते एकट्याचे मिळावेत ही त्याची रास्त गरज आहे, आणि चार वर्षांच्या मुलीसाठी आजीबरोबरचा घरचा दिवस ही शिक्षा नसते. तेव्हा वाढदिवस त्याचा आहे, तर त्याला विचारा. पण नीट विचारा. "बहिणीला न्यायचं का?" असं विचारलंत तर तो तुमचा चेहरा बघून उत्तर देईल. "तुझा दिवस कसा व्हावा? कोणत्या गोष्टी तुला बाबांबरोबर करायच्यात, कोणत्या माझ्याबरोबर, कोणत्या सगळ्यांबरोबर?" असं विचारा. त्याने अगदी ठामपणे "यंदा तीच नको" म्हटलं तर तेही मान्य करा. मात्र धाकटीला खोटं सांगून निघू नका. दादाचा दिवस आहे हे तिला कळतं.

तरीही माझा कल विचाराल तर सगळ्यांनी जावं याकडे आहे, आणि त्याचं कारण वय. लेगोलँडसारखी पार्क साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. तुमचा मुलगा दहाचा होतोय. आणखी दोन-तीन वर्षांत त्याला हे सगळं "लहान मुलांचं" वाटायला लागेल, आणि तेव्हा धाकटीची खरी सुरुवात झालेली असेल. दोघंही एकाच जागी रमतील अशी वर्षं तुमच्या हातात फार थोडी आहेत. मला डुप्लोच्या ठोकळ्यांची आठवण होते. लहान मुलांच्या हातात मावावेत म्हणून 1969 मध्ये लेगोने हे मोठे ठोकळे काढले: लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट. तरी त्यांची मापं अशी ठेवलीत की मोठ्या मुलांचे लहान ठोकळे त्यांच्यावर घट्ट बसतात. घरी असतील तर दोन्ही घेऊन बघा. धाकटीने मोठ्या ठोकळ्यांचा पाया रचावा, मोठ्याने त्यावर बारीक काम करावं. एकत्र जाण्याचा सराव मी तरी तिथूनच सुरू करेन.

दिवसाची आखणी फार घट्ट करू नका, पण साधारण अशी ठेवता येईल. सकाळी बाबा आणि मुलगा थेट त्याच्या राइडकडे, तुम्ही तिघी धाकटीच्या यादीकडे. मग अदलाबदल, म्हणजे मुलाबरोबर एक राइड तुम्ही घ्यायची. त्यात कंटाळा करू नका, आई किंचाळताना बघणं हा त्याच्या वाढदिवसाचा फार मोठा भाग असेल. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र, सावलीत, घाई न करता. त्यानंतर तिसऱ्या यादीतल्या, दोघांना चालणाऱ्या दोन-तीन गोष्टी. मधे कुठेतरी धाकटीचा हौद. आणि वेळेत घरी.

शेवटी तुम्ही स्वतःबद्दल विचारलंत. बाकीच्या आया मजेत दिसतात, मीच अशी का. ताई, फोटो काढायच्या वेळी तुम्हीही तशाच दिसला असाल. मागच्या वेळी तिकिटं कुणी काढली, पिशव्या कुणी भरल्या, धाकटीची समजूत कुणी काढली, पाण्याची बाटली कुणाच्या खांद्यावर होती? पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. तुम्ही सहलीला गेलाच नव्हतात, सहल चालवत होतात. त्याचं ओझं वाटणारच, त्यात आईपणाची काही उणीव नाही. यंदा काही कामं पूर्णपणे पतींकडे सोपवा. "मदत कर" म्हणून नाही, तर "हे तुझं" म्हणून: रांगा, वेळेचं गणित, मोठ्याचं खाणंपिणं, आणि निघायची वेळ झाली हे सांगणंसुद्धा. ते चुकले तर चुकू द्या, मधे पडू नका. आणि त्या दिवसातला एक तास तुमच्या नावावर राखून ठेवा, ज्यात तुम्ही कुणाचीही वस्तू धरलेली नसेल. हवं तर त्या तासात कॉफी घेऊन एकट्या बसा. पण जमलं तर धाकटीशेजारी हौदाच्या काठावर बसा, आणि "काय बनवतेस?" विचारायच्या ऐवजी "मी काय बनवू?" असं विचारून बघा.